झडपेवरचा पट्टा

रविवारी दुपारी सगळं लीड्स प्रार्थनेला गेलं असताना एनॉक थॅकरे विसरलेला चहाचा डबा आणायला इंजिनांच्या शेडमध्ये गेला. बाहेर धुकं, आत ओल्या राखेचा वास. 'कर्लू' गार पडून होती. भट्टी विझलेली, पाणी काढून टाकलेलं. उद्या तिला एनॉकच चालवणार होता. एकाच साच्यातली सहा इंजिनं, सहा बहिणीच, सगळ्यांना पाखरांची नावं. त्यातल्या 'हेरॉन'चा बॉयलर मागच्या महिन्यात फुटला. चालवणारा एनॉक बाहेर फेकला गेला म्हणून वाचला, भट्टीत कोळसा टाकणारा त्याचा जोडीदार जेबेझ तिच्याबरोबर गेला.

शेडच्या दारात जेबेझची बायको हेस्टर उभी होती.

"एनॉकभाऊ, उद्या कंपनीचं घर सोडायचंय. साहेब म्हणतात, झडप तुझ्या नवऱ्यानंच बांधली, आता घर कसलं मागतेस? तुम्ही तिथंच होता ना? खरंच त्यानं बांधली?"

जादा वाफ सोडणारी ती झडप. चढ आला की वाफेचा जोर वाढवायला घाईतले ड्रायव्हर तिचा दांडा कमरेच्या पट्ट्यानं आवळून टाकत. सगळेच करत, कबूल कोणी करत नसे. त्या दिवशी पट्टा एनॉकचा होता. "सोड रे तो, एनॉक," जेबेझ म्हणत राहिला होता. चौकशीत मात्र एनॉकनं खापर मेलेल्याच्या माथी फोडलं.

"तेव्हाच सांगितलं ना, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "त्यानंच." स्वतःच्याच आवाजाची त्याला किळस आली.

डबा घ्यायला तो कर्लूवर चढला. झडपेच्या दांड्याला पट्टा आवळलेला होता. पितळी बकल, त्याच्या बायकोनं घातलेले निळे टाके. हेरॉनबरोबर चिंध्या झालेला त्याचाच पट्टा.

त्यानं तो सोडला. रिकाम्या बॉयलरमधून लांब सुस्कारा आला... "सोड रे..."

"आत कोण आहे?" हेस्टर दबक्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं... जेबेझच बोलला..."

आता तरी बोलायला हवं होतं. नोकरी गेली असती, तोंड काळं झालं असतं, पण हिच्या डोक्यावर छप्पर राहिलं असतं. शब्द ओठांवर आले आणि शरमेनं तिथंच वाळले.

"कोणी नाही, वहिनी. धुक्यात भास होतात."

मग तिच्या लाकडी बुटांचा आवाज दूर गेला.

एनॉक उतरायला वळला तेव्हा विजार सैल लागली. हेरॉननंतर घेतलेला नवा पट्टा कमरेला नव्हता. तो झडपेच्या दांड्याला होता, पहिल्यापेक्षा घट्ट. सोडायला गेला तर गाठ हलेना. आधारासाठी त्यानं बॉयलरवर तळवा टेकला.

लोखंड कोमट लागत होतं.