जाळीवरचा कागद

खोटं वाटत असेल तर किर्गिझस्तानात, बिश्केकला जाऊन सापारालीला विचारा. स्वयंपाकघरातल्या हवा जायच्या जाळीकडे पाठ करून तो आजही बसत नाही.

फेब्रुवारीतला गुरुवार. संध्याकाळचे पाच.

सापाराली स्वयंपाकघरातला धूर-वास बाहेर ओढणारे, जाळीमागच्या पाइपात बसणारे पंखे लावायचा. दिवसातलं हे चौथं घर. शिडी चढताना गुडघे कुरकुरत होते.

घर झूरा-आपांचं. दर गुरुवारी त्या गेलेल्यांसाठी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायच्या. मेलेल्यांना पोचतो तो गरम तेलाचा वासच. पण वरचे शेजारी त्या वासावरून भांडायचे, म्हणून सुनेनं पंखा मागवला होता.

"लेका, हे यंत्र वास कुठे नेणार?"

"छपरावर, आपा."

"मग माझा एर्मेक इथे येऊन काय हुंगणार? तुझे मोजे?"

एर्मेक त्यांचा मुलगा. परदेशात बांधकामावरून पडून गेला.

"तुझ्याकडे कोण तळतं?"

"कोणी नाही. आई जाऊन सात वर्षं झाली. वेळच मिळत नाही, आपा."

"जेवायला मिळतो ना?"

सापारालीनं पंखा उचलला. लागलं त्याला ते.

त्यानं पंख्यावरचा हवेच्या दिशेचा बाण छपराकडे ठेवून तो बसवला. पुढे झडप लावली. पंखा बंद असला की ती मिटते, हवा ये-जा करत नाही. मग हवेची ओढ तपासायला जाळीवर पातळ कागद वरच्या कडेनं चिकटवला आणि तो वायर जोडायला वळला.

फट्...

कागद जाळीला चिकटला होता.

वायर अजून त्याच्या हातातच होती. झडप मिटलेली.

कागद सुटला...

पुन्हा चिकटला.

कोणीतरी पलीकडून श्वास घेत होतं. हुंगत होतं.

"आपा..."

आपांनी वर पाहिलं. गॅस पेटवला. तेल तापलं. पहिला बोरसोक फुगला, वास पसरला.

कागद खाली लोंबला. हललाच नाही.

"वायर राहू दे," आपा डोळे पुसत म्हणाल्या. "सुनेला मी सांगते."

सापाराली घरी आला. थंड, कोरडं स्वयंपाकघर. त्याच्या जाळीमागे पंखा नव्हताच, भोकही त्यानं स्वतः काही वर्षांपूर्वी बुजवलेलं. नको वाटत होतं, तरी त्यानं कागद चिकटवला.

फट्...

घरात तेलाचा थेंब नव्हता.

तेव्हापासून कितीही थकला तरी तो दर गुरुवारी तळतो. परात भरून तळतो.

आपांकडचा कागद पहिल्या बोरसोकलाच शांत झाला होता.

याच्याकडचा अजून झालेला नाही.