पुढचा स्वतःला मोजत नाही

बूट काढ, गास्पार. धुकं खिडकीला चिकटून बसलंय, आणि तुझे चारही पाहुणे अजून पावावर लोणी लावतायत. साडेअकराचा रोपवे चुकला तर एकचा मिळेल, खाली शाझेल गाव कुठे पळून जात नाही. सकाळचे नऊ वाजले तरी मला दिवा लावावा लागलाय, यातच काय ते समज. बस जरा. एक गोष्ट सांगते, मग तुला जायचं तर जा. वाटाड्या तू आहेस. मी आपली या आसराघरात सूप ढवळणारी बाई.

पण तेव्हा मीही वाटाड्याच होते. त्या दिवशीचं काम तर अगदी साधं होतं. माझ्याआधी हे आसराघर मार्सेलीन सांभाळायची, तिला चीजची दोन चाकं पोहोचवायची होती. नुसतंच कशाला चढायचं, म्हणून पाच पाहुणे सोबत घेतले. गोठलेला धबधबा दाखवू, वर मार्सेलीनकडे जेवू घालू, दुपारी परत. लियोंचे दोघे भाऊ होते, ते खारीलाही 'इकडे बघ, हस' म्हणून फोटो काढायचे. एक नवं जोडपं होतं, चालताना हात सोडायला तयार नाही. आणि नांतच्या मादाम ओबेर, निवृत्त शिक्षिका, सत्तरीच्या, काठीसारख्या ताठ.

बर्फात रुतू नये म्हणून पायाला जाळ्या बांधून दिल्या तेव्हा त्यांनी खाली वाकून पाहिलं. "बाई, या जाळ्या आहेत की टोपल्या?"

"टोपल्याच समजा, मादाम. फक्त यात अंडी नाही, पाय ठेवायचे."

"माझे पाय अंड्यांपेक्षा नाजूक आहेत, सांगून ठेवते."

नाजूक कसले! लार्चच्या रानातून त्या सगळ्यांच्या पुढे चालल्या. रात्री ढोपरभर नवा बर्फ पडला होता. तुला सांगते, पंचवीस हिवाळे मी ते रान पाहत होते, पण नव्या बर्फाची ती पहिली सकाळ मला दर वेळी गप्प करते. धबधब्याशी पोहोचलो तर तो आतून निळा उजळलेला, आणि बर्फाच्या पोटात कुठेतरी पाणी गुणगुणत होतं. मादाम ओबेरनी हातमोजा काढून त्यावर तळवा टेकला. म्हणाल्या, "तीस वर्षं मुलांना शिकवलं, पाणी शून्य अंशाला गोठतं. इतकं सुंदर गोठतं, हे शिकवायचं राहूनच गेलं की."

धबधब्याच्या वर धुकं आलं. आधी वास आला, ओल्या दगडाचा. मग आमच्या मागचं रान पुसलं गेलं, मग पुढचं. खिशातल्या दिशादर्शक यंत्राच्या बॅटरीने थंडीत मान टाकली. मला फार काळजी वाटली नाही, वाट पायांना पाठ होती. जोड-लार्चपाशी उजवीकडे वळायचं, परटिणीच्या उताराखालून सरळ जायचं, वीस मिनिटांत आसराघर.

जोड-लार्चपाशी आले आणि थांबले. समोर ताजी वाट पडलेली होती.

आमच्याआधी वर कुणी गेलेलं नव्हतं, गास्पार. रोपवे बंद होता, आणि गावातून निघणारी पहिली मीच. तरीही त्या कोऱ्या बर्फात जाळ्यांचे ठसे होते. ते उजवीकडे न वळता डावीकडे, वर शेळीच्या धारेवर चढत होते. ती वाट दुप्पट लांब. वाटेच्या कडेला, डाव्या हाताला, काठीने पाडलेली भोकं होती. एका ओळीत, कोपरभर खोल, बी पेरायला पाडतात तशी. मी मोजली. सहा.

वाटलं, कुणी वाटाड्या सहा पाहुणे घेऊन गेला असेल. मग मी ठसे नीट पाहिले. प्रत्येक डाव्या ठशामागे छोटीशी ओढ होती. स्वल्पविरामासारखी.

ओनोरेची वाट तू पाहिलेली नाहीस. आता तशी वाट पाडणारा कुणी उरलाही नाही. ओनोरे माझा गुरू. डाव्या पायाची दोन बोटं थंडीने गेलेली, म्हणून तो पाय जरा ओढायचा. पण त्याने पाडलेल्या वाटेवर कुणाला दम लागल्याचं मी पाहिलं नाही. लहान मूल असो की तुझ्या-माझ्यासारखा अडेलतट्टू, चढ कधी संपला हे कळायचंही नाही. बर्फ काय म्हणतोय ते त्याला तळपायातून ऐकू यायचं, असं आम्ही म्हणायचो. दर थांब्यावर तो मागे वळायचा आणि माणसागणिक एकदा काठी खुपसायचा. स्वतःसाठी कधीच नाही. "पुढचा स्वतःला मोजत नाही, पोरी. पुढचा म्हणजे वाट. वाट कुणी मोजतं का?"

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. आणि तरी ज्या दिवशी पहिल्यांदा एकटीने सहा पाहुणे वर आणले, त्या दिवशी असंच धुकं असताना, या दारात उभी राहून मी मोठ्या ऐटीत सहा मोजले. ओनोरे त्या कोपऱ्यातल्या बाकावर मसुराचं सूप पीत होता.

"किती?"

"सहा."

"तुला सोडून?"

मी स्वतःला मोजलं होतं, गास्पार. एक माणूस मागे राहिला होता.

त्याने चमचा ठेवला, अर्धं सूप तसंच सोडलं आणि बाहेर गेला. तासाभराने तो राहिलेला माणूस एकटाच आला, ओनोरेच्या वाटेवरून, धडधाकट. त्यानंतर परटिणीच्या उतारावरचा सगळा बर्फ कोसळून खाली आला. तीन दिवस आम्ही बर्फात सळया खुपसल्या, कुत्री फिरवली. उन्हाळ्यात पुन्हा शोधलं. ओनोरेची एक जाळीसुद्धा सापडली नाही. ही माझी चूक होती, आणि ती मी रोज उशाला घेऊन झोपते.

तर अकरा वर्षांनी, जोड-लार्चपाशी, त्याचे ठसे माझ्यासमोर होते.

मागून एका भावाने विचारलं, "पुढे कोण गेलंय हो?"

"माझा मास्तर," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

उजवीकडे वीस मिनिटं, डावीकडे तासभर. सोबत पाच जीव, आणि वाट दाखवायला एक मेलेला माणूस. कुणाला विचारणार? मी डावीकडे वळले.

आम्ही धारेवर जेमतेम पन्नास पावलं चढलो असू. खालून आवाज आला… धप्प. वरच्या मजल्यावर कुणी गादी टाकावी तसा. मग वारा आला, बर्फाची भुकटी तोंडावर मारत, आणि मग काहीच नाही. परटिणीचा उतार आमच्या नेहमीच्या वाटेवर येऊन पडला होता. नवी नवरी रडायला लागली. मी म्हणाले, "रडत रडत चला, पण चला."

आता धुकं इतकं दाट की आपलाच हात परका वाटावा. फक्त ती वाट दिसायची, ओढलेल्या डाव्या पायासकट. आणि खोटं कशाला बोलू, मला भीती वाटत होती खरी, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. मेल्यावरही काय वाट पाडत होता म्हातारा! एकही पाऊल वाया नाही.

पुढच्या थांब्यावर पुन्हा भोकं होती. पाच.

मी मनात म्हणाले, पाच. बरोबर, पाचच तर आहेत. मागे वळलेसुद्धा नाही.

दहा-पंधरा पावलं गेले असेन. मग लक्षात आलं. आधी सहा होती. पाच पाहुणे आणि मी. इथे पुढचा तो होता, मी नव्हे. त्याने मलाही मोजलं होतं. आणि आता पाच…

मी नावं घेऊन हाका मारल्या. चार जणांनी ओ दिली.

"मादाम ओबेर!"

उत्तर नाही.

चौघांना पाठपिशव्यांवर बसवलं, दोर हातात दिला. "सोडाल तर मी परत येऊन कान उपटीन," म्हणाले, आणि आमच्याच ठशांवरून मागे निघाले. मनात एकच होतं, पुन्हा नाही… देवा, पुन्हा नाही.

मादाम ओबेर वाटेपासून चार पावलं बाजूला उभ्या होत्या. ताठ, जराही न हलता. एका जाळीचा पट्टा सुटून लोंबत होता.

"आलात?" त्या हळूच म्हणाल्या. "हलू नका म्हणाले, म्हणून हलले नाही."

"कोण म्हणालं?"

"तुमचे ते पुढचे गृहस्थ. मी पट्टा बांधायला वाकले, उठले तर दिशाच कळेना. दोन-चार पावलं टाकली, तर अगदी कानाशी… 'बाई, तिथेच उभ्या राहा. ती मोजेल.'"

"दिसले तुम्हाला?"

"नाही. वास येत होता पण. मसुराच्या सुपाचा. मला वाटलं, आलंच आसराघर."

आसराघर अजून अर्धा तास लांब होतं. मी त्यांच्या पायापुढे काठी टेकली. काठी बर्फातून आरपार गेली आणि तिला खाली काहीच लागलं नाही. त्या कड्याबाहेर झुकलेल्या नुसत्या बर्फाच्या ओठावर उभ्या होत्या. मी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं, एकेक पाऊल.

दारात मार्सेलीन घंटा वाजवत उभी होती. आम्ही धुक्यातून बाहेर आलो, तसा तिने घंटेचा दोर सोडला.

"किती, आपोलीन?"

"पाच."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुला सोडून?"

"मला सोडून," मी म्हणाले, आणि चीजच्या चाकांसकट तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडले. अकरा वर्षांचं रडणं होतं ते. पायरीच्या डाव्या हाताला, बर्फात, काठीची सहा भोकं होती. मार्सेलीननेही ती पाहिली. मग तिने आत जाऊन सूप गरम करायला ठेवलं.

ती थकली, तेव्हा आसराघर मी मागून घेतलं. लोक विचारतात, इथे वर एकटी कशी राहतेस? धुकं पडलं की मी दार उघडून डाव्या हाताला बघते. बहुतेक वेळा काही नसतं. कधी असतं, तेव्हा मी पाहुण्यांना वाटाड्यासकट मोजून घेते. आकडा जुळला तर जाऊ देते.

आता तू घड्याळाकडे बघू नकोस. दार उघड आणि बघून ये. रात्रभर बर्फ पडलाय, अंगणात कुणाचं पाऊल नाही. डाव्या हाताला बघ.

पाहिलंस?

चार, ना? हसू नकोस. हो, तुझे पाहुणे चारच आहेत, आणि पुढचा स्वतःला मोजत नाही हे मीच तुला शिकवलंय. पण या धारेवर पुढचा तू नसतोस रे.

काल संध्याकाळी तुम्ही आलात, तेव्हा पाच होती. ते बूट काढ आधी.