उन्हाची कोरी पट्टी

"बांधा त्याले झाडाले! बांधा!"

चिंचेखाली काठ्या उठल्या. पहिली इश्वरच्या पाठीत बसली, दुसरी खांद्यावर. "माझ्या बाबाले मारू नका!" ओरडत भोजराज मध्ये घुसला, तर कुणीतरी त्याला असं भिरकावलं की त्याचा ओठच फुटला!

१९७८ सालचा उन्हाळा सरत आला होता. भरदुपारी सिहोरा गावात ताराचंदची तणसाची गंजी पेटली आणि बैलांचा वर्षाचा चारा राख झाला. गुराखी इश्वर जवळच बसला होता. खिशात माचिस, आणि कालच ताराचंदशी भांडण! गावाला एवढं पुरलं. मोठी माणसं चिडली की डोकं घरी विसरतात, काठी मात्र नेमकी आठवणीनं आणतात!

"चंदा, मारून टाकतीन ते बाबाले!" भोजराज रडत म्हणाला.

"चल, मामाले आणू. त्यांचं सारे ऐकतात!" सुटीत मामाकडे आलेली चंद्रकांता धावत सुटली.

तिचे मामा, मधुकरराव, गावाबाहेरच्या हवामान केंद्रावर नोंदी ठेवायचे. जळलेली गंजी केंद्राच्या कुंपणाला लागूनच होती.

मामांनी मात्र दार लावून घेतलं होतं. "माझं डोकं दुखतंय. जा तुम्ही!" आतून आवाज आला.

"काहून? गावात माणूस मरून राहिला अन् मामा झोपून?" चंद्रकांता चिडली. तेवढ्यात तिची नजर अंगणातल्या काचेच्या गोळ्यावर गेली. गोळ्यामागे कागदाची पट्टी असायची. गोळ्यातून आलेलं ऊन तिच्यावर जळकी रेघ ओढायचं. ढग आले की रेघ तुटायची. दिवस मावळल्यावर पट्टी बदलायचं काम सुटीभर तिच्याकडेच होतं.

आज सकाळपासूनची रेघ दुपारी तुटली होती. पुढे पट्टी कोरी, मग पुन्हा थोडी जळलेली!

"आज तर एकही ढग नाही!" भोजराज म्हणाला.

"म्हणजे तेव्हा गोळाच इथं नव्हता!" तिनं गोळ्याच्या बुडाला बोट लावलं. बोट काळं झालं. काजळी! मामा तिचे लाडके होते. पण भोजराजच्या ओठातून रक्त गळत होतं.

तिनं गोळा ओढणीत गुंडाळला, पट्टी घेतली आणि दारावर लाथ घातली. "मामा, बाहेर या! नाही तर इश्वरकाका वाचत नाही!"

दार उघडलं. मामा मागोमाग आले.

चिंचेखाली इश्वरचा सदरा रक्तानं भिजला होता. चंद्रकांता थेट काठ्यांमध्ये शिरली. "थांबा! मामा, साऱ्यांसमोर सांगा. आज दुपारी आभाळ आलं होतं का?"

मामांची नजर पट्टीवर गेली. "हो... जरासं..."

"आभाळ? अजून पाय पोळून राहिले आमचे!" गर्दीतून कुणीतरी हसलं.

"मग पट्टी कोरी काहून?" तिनं ती उंच धरली. सावलीबाहेर उन्हात मूठभर तणस टाकलं आणि गोळा त्याच्यावर धरला. लख्ख ठिपका पडला, धूर निघाला आणि भक्कन जाळ झाला!

मामांनी पुढे होऊन पेटलेलं तणस पायानं विझवलं. "पुसायला काढला होता. फुटू नये म्हणून कुंपणापलीकडं गंजीच्या कडेला तणसावर ठेवला. जेवायला गेलो अन् डोळा लागला... जाग आली तर गंजी पेटलेली. गोळा उचलून जागेवर ठेवला, पण भीतीनं बोललो नाही."

"अन् मले गुराख्याले मारायले लावलं!" ताराचंद किंचाळला. त्याची काठी मामांच्या दंडावर कडाडली. गर्दी तिकडे धावली. "मामा!" चंद्रकांता ओरडली.

भोजराजनं दोर सोडला होता. दुसरी काठी पडायच्या आत इश्वरनं ती हवेतच पकडली.

"पुरे! मले मारतानी कोणी इचारलं नाही. आता तरी हात थांबवा."

ताराचंदची मूठ सैल झाली. कुणाला मान वर करवेना.

गावातले सर्वांत वयस्कर दादाजी पुढे आले. "आम्ही काठ्या शोधत होतो, अन् या लेकरायनं खरं शोधलं. शाब्बास रे पोरांनो!"

चंद्रकांताला हसू आलं नाही. तिला खूप रडू आलं.

दिवस मावळल्यावर मामांनी पट्टीच्या मागं लिहिलं, 'ढग नव्हते. गोळा माझ्या चुकीनं जागेवर नव्हता.' मार लागलेला हात गळ्यात बांधलेला, म्हणून अक्षर वेडंवाकडं आलं.

"पुण्याच्या हवामान कार्यालयाला ही पट्टी अशीच जाऊ दे," ते म्हणाले. "आणि उद्याची पट्टी तूच लाव, बेटा. आधी मात्र मला इश्वरकडे घेऊन चल."