वेळेची जागा

आमच्या तालमीच्या कोपऱ्यावरचा काळा फळा वीस वर्षं मीच लिहायचो. गल्लीत कुणी वारलं की तालमीचा सेक्रेटरी आकाराम चिठ्ठी पाठवायचा. मी नाव काढायचो, खाली रक्षाविसर्जन. आमच्या मुसलमानांतलं कुणी असेल तर जियारत, तिसऱ्या दिवशीची कबरीवरची दुआ. वेळ मात्र शेवटी. घरची माणसं ती ठरवून कळवायची, तोवर जागा मोकळी. मी शमशुद्दीन पेंटर. भुतापेक्षा मला गिऱ्हाइकाची भीती जास्त.

३१ ऑक्टोबर १९८४, बुधवार. सकाळी सातला दुधाला निघालो, तर फळ्यावर ठळक अक्षरांत ‘पंतप्रधानांना भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली ‘अंत्ययात्रा’ आणि पुढं मोकळी जागा. अक्षर माझं. ‘ली’ची वेलांटी मी जरा लांब ओढतो, तीही तशीच ओढलेली.

मला घाम फुटला. कुणी पाहिलं तर पोलीस मलाच धरणार. ओल्या फडक्यानं फळा पुसला आणि कुणातरी टवाळाला शिव्या घालत दूध घेऊन घरी आलो.

दुपारी बातमी आली. पंतप्रधानांना त्यांच्या घराच्या आवारातच गोळ्या घातल्या होत्या. दुकानं धडाधड बंद झाली, पानपट्टीच्या रेडिओभोवती माणसं गप्प उभी राहिली. एसटी वाटेत अडवतायत, असंही कुणी सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीला खालाकडं, म्हणजे मावशीकडं गेलेली माझी लेक मदिना त्याच दिवशी गगनबावड्याहून निघाली होती. माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात आकाराम आला. म्हणाला, “शमशुभाई, फळा लिवा की. लोक वाट बघत्यात.”

खडू घेऊन गेलो. फळा लिहिलेला होता.

सकाळचाच मजकूर. त्याखाली आणखी एक ओळ: ‘कु. मदिना शमशुद्दीन’. मग ‘जियारत’. पुढं मोकळी जागा.

मागून आकारामनं वाचलं. 

“हे तुम्ही लिवलासा?”

“न्हाय.”

पुसावं, तर सकाळी पुसलेलं खरं झालं होतं. ठेवावं, तर लेकीचं नाव चौकात. शेवटी बाहीनं तेवढी ओळ पुसली.

दिवेलागणीला मदिना दारात उभी राहिली. पायभर धूळ.

“आब्बा, गाडी गावाबाहेर बालिंग्यातच थांबवली. चालत आलो.”

तिचे हात धरून मी रडलो. ती हसायला लागली.

त्या दिवसापासून मी फळा लिहीत नाही. खडूची पेटी आकारामच्या कपाटात, कुलपात आहे. तरी रोज उजाडायच्या आत ओलं फडकं घेऊन जातो. लेकीचं नाव असतंच. पुसतो आणि घरी येतो. मदिना चहा ठेवते, एवढ्या पहाटे कुठं जाता म्हणून विचारते. मी काहीतरी सांगतो.

आज पहिल्यांदाच वेळेच्या जागेत काही होतं. ‘सकाळी’. पुढचा आकडा तेवढा राहिलाय.