विनीतामावशीचे हात

हे खरं घडलंय. ज्याला पटत नसेल त्याने खुशाल इथेच थांबावं, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

आणि हो, रात्र नव्हती. भुताला अमावस्याच लागते असं कुणी ठरवलंय? गेल्या फेब्रुवारीतला रविवार होता. भर दुपार. पर्थपासून लांब, वाळवंटातल्या कालगुर्ली गावापासून गाडीने दीड तासावर, एका बंद पडलेल्या खाणीजवळ दगडी चर्च आहे, तिथे.

घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीला, विनीता भांबळला.

मावशी मूळची नगरची. तिच्याबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्या. आमच्यात उपासना संपताना पाळक दोन्ही हात वर करून मंडळीला आशीर्वाद देतात. पण हात वर करायचे ते फक्त दीक्षा मिळालेल्या पाळकाने. बाकीच्यांनी हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि प्रार्थना म्हणायची. मावशीने नगरच्या खेड्यापाड्यांत उभी हयात सेवा केली. मयत असो, बाळंतपण असो, दारू पिऊन बायकोला मारणारा नवरा असो, मावशी पहिली हजर. ती उपदेश करायला लागली की माणसं जागची हलायची नाहीत. पण आशीर्वादाची वेळ आली की कालपरवा आलेला कुणीतरी पाळक पुढे व्हायचा आणि मावशीने मागे सरायचं.

"बाईमाणसाचे हात चुलीशीच शोभतात," असं एकाने तिला तोंडावर ऐकवलं होतं.

ते तिच्या काळजात रुतून बसलं.

पन्नाशी उलटल्यावर ती मुलाकडे, विहानकडे, पर्थला आली. नातवंडं सांभाळेल असं सगळ्यांना वाटलं. बाईंनी पाळकांच्या कॉलेजात नाव घातलं! विशीतल्या पोरांबरोबर बसून असाइनमेंट्स लिहिल्या आणि दीक्षा घेतली. तिला मिळालं ते हेच चर्च, कारण दुसऱ्या कुणालाच ते नको होतं. आधीचे तीन पाळक तिथे टिकले नव्हते. कमिटीने स्पष्ट सांगितलं होतं, विनीताही परत आली तर दाराला कुलूप.

त्या दिवशी संजीव तिला गाडीने घेऊन गेला. संजीव पुण्याचा, तिच्या ओळखीतला, कालगुर्लीच्या खाणीत इंजिनिअर. घरात दीड दिवसाचा गणपती बसवणारा माणूस. पण "ताई, त्या रस्त्यावर कांगारू आडवे येतात, तुम्ही एकट्या नाही जायचं," म्हणून स्वतःचा रविवार घालवला बिचाऱ्याने.

दारात केव्हिन उभा होता. चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा म्हातारा.

"विनीता, एक ऐक," तो म्हणाला. "शेवटचं गाणं झालं की संपव. ब्लेसिंग देऊ नकोस."

"का?"

केव्हिनने आत बघितलं. मग आवाज खाली आणला.

"जुने रेव्हरंड इथे चाळीस वर्षं होते. एका रविवारी ब्लेसिंग देता देता गेले. हात वर होते तेव्हाच. त्यानंतर दुसऱ्या कुणी हात वर केलेले त्यांना चालत नाहीत. दोघं तिथेच कोसळले, ते परत फिरकले नाहीत. तिसरा त्याच रात्रीच्या फ्लाइटने गेला. आता आम्ही ब्लेसिंग न घेताच घरी जातो. नो वरीज."

मावशीचं डोकं सणकलं.

"नो वरीज म्हणे!" ती संजीवला मराठीत म्हणाली. "जेवायला बोलवायचं आणि भरल्या पानावरून उठवायचं? माझ्या चर्चमध्ये हे चालणार नाही."

"ताई, पण..."

"तू मागच्या बाकावर बस. आणि घाबरलास तर तुझ्या बाप्पाचं नाव घे."

गोल्डफील्ड्समधल्या, म्हणजे त्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातल्या, माश्या म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यांनाच ठाऊक. नाकात, डोळ्यांत, तोंडात. मावशी दारापर्यंत हाताने माश्या वारत आली. तिने उंबरा ओलांडला आणि...

एकही माशी नाही.

दार सताड उघडं होतं. बाहेर माश्यांचा थवा घोंगावत होता. आत एकही येत नव्हती.

मावशीने पांढरा झगा चढवला आणि उपासना सुरू केली. समोर मूठभर माणसं. बहुतेक म्हातारी, आणि एक तान्हं बाळ घेऊन आलेली मुलगी. बाकी सगळे बाक रिकामे. उपदेश रंगला. माणसं हसली, एकीने डोळेही पुसले.

गाणं संपलं. केव्हिन घाईघाईने उठायला लागला.

"बसा," मावशी म्हणाली. "अजून संपलेलं नाही."

तेवढ्यात तिच्या मागे...

खुर्ची करकरली.

ती रेव्हरंडांची खुर्ची. ते गेल्यापासून तिच्यावर कुणी बसत नव्हतं.

मग फळ्यांवर बुटांचा आवाज. सावकाश. एक पाऊल. दुसरं पाऊल.

बाळ रडत होतं, ते एकदम गप्प झालं. मावशीच्या खांद्यावरून बघत राहिलं.

मावशीने मागे वळून बघितलं नाही. तिने हात वर करायला घेतले.

छातीपर्यंत आले आणि...

अडकले.

दोन्ही मनगटं कुणीतरी धरली होती. थंडगार बोटं. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन, आणि ही बोटं फ्रीजमधून काढल्यासारखी.

"पाळकसाहेब, हात सोडा," ती हळूच म्हणाली.

बोटं आणखी आवळली. हात खाली जायला लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली. आता आपण पडणार हे तिला कळलं. पडलो की संपलं. चर्चला कुलूप, आणि आपण आयुष्यभर होतो तिथेच, मागे.

आणि मग मावशी जी भडकली!

"सोड!" ती मराठीत ओरडली. "अरे, जन्मभर जित्याजागत्या माणसांनी दाबले हे हात. तरी वर आले. तू तर मेलेला आहेस! तू काय दाबणार?"

संजीव शपथेवर सांगतो, ताईंचे हात थरथरत, इंच इंच वर जाताना त्याने पाहिले. गोणी उचलावी तसे. कोपरापर्यंत... खांद्यापर्यंत... डोक्याच्या वर.

तिने आशीर्वाद दिला. मराठीत. एक शब्द गाळला नाही.

मूठभर माणसांनी "आमेन" म्हटलं.

आणि त्यांच्यामागून...

रिकाम्या बाकांवरून, भिंतीपासून भिंतीपर्यंत, भरल्या चर्चचं "आमेन" आलं.

संजीव मागच्या बाकावर एकटा होता. त्याची पाचावर धारण बसली. त्याच्या दोन्ही बाजूंनी आवाज आला होता.

चर्चला कुलूप लागलं नाही. मावशी अजून तिथेच आहे. दर रविवारी हात वर करते.

इथवर ऐकीव होतं. मीही हसण्यावारी नेलं असतं. पण ईस्टरला मी राहते त्या क्लेटनहून तिच्याकडे गेले, आणि पहिल्या बाकावर बसले.

मावशीचे खांदे आता दुखतात. ताटलीसुद्धा वरच्या फळीवरून मलाच काढायला लावते. पण आशीर्वादाला तिचे हात वर गेले आणि तसेच राहिले. कितीतरी वेळ. जरासुद्धा न थरथरता.

मी नीट बघितलं. झग्याच्या बाह्या दोन्ही मनगटांपाशी...

दबलेल्या होत्या. बोटांच्या खुणा उमटाव्यात तशा.

घरी आल्यावर मी विचारलं, "मावशी, तो अजून धरतो?"

"धरतो की."

"खाली ओढतो, की वर उचलून धरतो?"

मावशी कणीक मळत होती. मनगटांवर निळसर वळ होते. तिने क्षणभर हातांकडे बघितलं.

"कधी हे, कधी ते. रोज विचारत बसू का त्याला?" ती म्हणाली. "हात वर आहेत ना? मग झालं तर."

तिचं झालं. माझं होत नाही. कारण त्या ईस्टरच्या रविवारी तिने हात खाली घेतले, मंडळी बाहेर पडली, मीही उठले. दारातून सहज मागे बघितलं.

मावशी मेणबत्त्या विझवत होती.

तिच्या मागची खुर्ची... हलकेच करकरली.