न दिलेला रिपोर्ट

त्या दिवशी आबा भावाकडे श्राद्धाला भिवंडीला गेले नसते, तर विश्राम घाडी आणि मालन केणे यांची गाठ पडलीच नसती. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आबांची धातू तपासायची छोटीशी लॅब होती. आसपासच्या फाउंड्र्यांतून ओतीव माल यायचा, आणि त्यात कुठे चीर आहे का, पोकळी आहे का, ते बघून रिपोर्ट द्यायचा, एवढंच काम. गिऱ्हाइकांशी आबा बोलायचे. मालन आत टेबलापाशी असायची. सत्ताविशीची, ठाकुर्लीत राहणारी, मेटलर्जीचा डिप्लोमा केलेली, आणि बोटांची नखं तपासणीच्या रंगानं कायम लालसर झालेली.

त्र्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. दुपारी दारात एक जण येऊन उभा राहिला. उंच, सडपातळ, खांद्यावर गोणपाटाचं ओझं.

"साहेब नाहीत?"

"श्राद्धाला गेलेत. मी आहे."

"म्हणजे... तुम्ही तपासता?"

"नाही, मी इथे धूळ झटकायला बसते," मालन म्हणाली.

तो हसला. आणि लगेच, आपण हसायचं नाही हे आठवावं तसा, गप्प झाला. मालनला वाटलं, एवढं छान हसणाऱ्या माणसाला कुणी बरं मनाई केली असेल?

त्यानं गोणपाट उघडलं. आत अॅल्युमिनियमचं, मोटारीचं एक चाक होतं. दोन तुकड्यांत.

मग त्यानं सांगितलं, थांबत थांबत. ठाण्याला टेंभी नाक्यावर विश्रामचं गॅरेज होतं. त्र्यंबक, त्याचा शाळेपासूनचा मित्र, रेसिंगच्या मारुती एटहंड्रेडचा ड्रायव्हर. गाडी बांधायची विश्रामनं, चालवायची त्र्यंबकनं. फेब्रुवारीत मद्रासच्या ट्रॅकवर एका वेगाच्या वळणावर पुढचं डावं चाक फुटलं, गाडी भिंतीवर गेली. त्र्यंबकचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"चाक मी निवडलेलं. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेलं, सेकंडहँड. हलकं होतं ना... नवीन परवडण्यासारखं नव्हतं." त्यानं तुकड्यावर हात ठेवला. "कोण म्हणतं, आपटल्यावर तुटलं. कोण म्हणतं, नशीब. आठ महिने हे माझ्या कॉटखाली आहे, मॅडम. मला एवढंच सांगा — ते आधीपासून चिरलेलं होतं का? मला दिसायला हवं होतं का?"

मालननं भिंग घेतलं. दहा मिनिटंही लागली नाहीत. जिथे चाकाची दांडी मधल्या भागाला मिळते, तिथे तुटलेल्या जागेचा निम्मा भाग काळपट, गुळगुळीत होता, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक वळत्या रेषा. उरलेला अर्धा मात्र चमकदार, साखरेसारखा रवाळ. म्हणजे चीर जुनी होती. आठवडेच्या आठवडे ती आत आत सरकत होती, तिच्यात ब्रेकची काळी धूळ जाऊन बसली होती, आणि त्या वळणावर उरलेला अर्धा भाग एकदम सुटला होता. बसवण्याआधी कुणी साधी रंगाची टेस्ट केली असती तरी दिसलं असतं.

तिनं मान वर केली. तो तिच्याकडे असा बघत होता, की तिच्या तोंडून निघेल तेच आता त्याच्या आयुष्यभराचं ठरणार होतं.

"वेळ लागेल," ती म्हणाली. "पंधरा दिवसांनी या."

दया आली, एवढंच तिनं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी रिपोर्टचा कागद काढला, वर चार ऑक्टोबर तारीख घातली, आणि तो कोराच खणात ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी तो आला, तो वेगळंच काम घेऊन. त्र्यंबकचा धाकटा भाऊ दौलत जानेवारीत तीच गाडी चालवणार होता. त्र्यंबकनंच हट्ट धरलेला — गाडी परत उभी करायची आणि चाकं विश्रामनंच निवडायची.

"माझा माझ्या हातांवर भरवसा नाही राहिला. मी शोधून आणतो. तुम्ही तपासाल?"

"आणि ते... आधीचं?"

"होईल तेव्हा द्या," तो हळूच म्हणाला. त्यालाही घाई नव्हती, की भीती होती, तिला कळलं नाही.

"लोखंडीच का नाही बसवत? दणकट असतात."

"वजन, मॅडम! चाकाचं वजन म्हणजे डिकीत ठेवलेलं वजन नव्हे. ते फिरवायचं असतं आणि थांबवायचंही असतं. एका चाकाला किलोभर जरी वाचला ना, तर गाडी वळणातून अशी उठते..." त्याचा हात हवेत वळला, डोळे चमकले. मालन त्या हाताकडे बघत राहिली.

"मग नवीन घ्या."

"चार नव्या इंपोर्टेड चाकांत अर्धी गाडी येईल. कल्याणच्या फाउंड्रीत ओतून बघितली, तर ती लोखंडापेक्षा जड! म्हणजे जुनीच. पण जुनी बोलत नाहीत, कुठे कुठे आपटून आलीत ते."

"मी बोलती करते," मालन म्हणाली.

"तुमच्यासमोर कोणपण बोलेल."

ती खाली मान घालून कारण नसताना टेबल पुसू लागली.

नवरात्रात त्यानं तिला टेंभी नाक्याची देवी बघायला बोलावलं. ती मैत्रिणीबरोबर जाते असं घरी सांगून एकटीच गेली. रोषणाईत, ढोलांच्या आवाजात, गॅरेजच्या बाहेर खुर्चीवर त्र्यंबक बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तो गोरा, गोल चेहऱ्याचा, बडबड्या.

"तुम्हीच का त्या लॅबवाल्या? ह्याला हसताना मी आठ महिन्यांनी बघतोय. काय दिलंत काय ह्याला?"

जे मागितलं होतं ते सोडून सगळं दिलं, हे मालन कसं सांगणार?

मग चाकं येऊ लागली. दर चार-आठ दिवसांनी विश्राम कुर्ल्याहून एक-दोन घेऊन यायचा. चार बोल्टची, बारा इंची, मारुतीला बसतील अशी. आधी वजन करायचं. लॅबमधला काटा ग्रॅमचा, त्याच्यावर चाक कसलं मावतंय! म्हणून मालन त्याला मासळी बाजारात मावशीकडे घेऊन गेली. रंगूबाई सुरमई कापत होती.

"काय गो पोरी, ह्यो कोन?"

"गिऱ्हाईक हाय, मावशी. चाक मोजायचंय."

"चाक?" रंगूबाईनं कोयता खाली ठेवला, विश्रामला आपादमस्तक न्याहाळलं, आणि तराजूचं पारडं पाण्यानं धुतलं. "मोज. पन मासली घेतल्याबिगर जायचा नाय."

चाक पावणेचार किलो भरलं. लोखंडीपेक्षा सव्वा किलोनं हलकं. विश्रामला इतका आनंद झाला की त्यानं अर्धा किलो बोंबील घेतले आणि परतताना चाकासकट पिशवी तिच्या हातात दिली.

"आता ट्रॅकवर वास आला तर?" ती म्हणाली.

"बरं होईल. मागच्या गाड्या लांब राहतील."

दोघंही रस्त्यातच हसत सुटले. हसता हसता त्याचं मनगट तिच्या मनगटाला लागलं, आणि दोघांनीही ते काढून घेतलं नाही. त्या रात्री मालनला झोप लागली नाही. सांगायला हवं होतं. आज नको... उद्या. पण उद्या सांगितलं की तो जाणार. आणि नाही सांगितलं, तर त्याचं हे हसू माझ्या खोटेपणावर उभं आहे. दोन्ही बाजूंनी तिला तो नव्हताच.

"तो तुटक्या चाकाचा रिपोर्ट कधी देणार?" आबांनी एकदा विचारलं. त्यांनी ते तुकडे बघितले होते. त्यांना चीर ओळखायला भिंग लागत नव्हतं.

"एक टेस्ट बाकी आहे, आबा."

"कसली ती मी विचारत नाही," आबा म्हणाले. "पण पोरी, जितकी लांबवशील तितकी चीर आत जाते."

डिसेंबर संपता संपता नऊ चाकं बाद झाली आणि तीन पास. चौथं चाक सुंदर होतं. सगळ्यांत हलकं, एकही ओरखडा नाही. विश्राम म्हणाला, "आज मी बघतो शेजारी बसून. आजवर तुम्ही नुसता निकालच सांगत आलात."

तिला नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

तिनं चाक धुतलं, पुसलं, त्यावर लाल रंग फवारला. दहा मिनिटं थांबायचं होतं. ती दहा मिनिटं तो दौलतच्या सरावाबद्दल बोलत होता, आणि मध्येच थांबून म्हणाला, "मालन... रेस झाली की मला तुमच्या घरी यायचंय. आईंना भेटायला. येऊ?"

पहिल्यांदाच त्यानं नावानं हाक मारली होती. मालनचं काळीज भरून आलं आणि त्याच क्षणी खचलं. "रंग पुसायची वेळ झाली," ती कशीबशी म्हणाली.

तिनं रंग पुसून काढला. चाक परत स्वच्छ, चकचकीत. मग वर पांढऱ्या पावडरीचा फवारा. चाक चुन्यासारखं पांढरं झालं. दोघं बघत राहिले. दांडीच्या मुळाशी, त्या पांढऱ्यावर, हळूहळू एक लाल रेघ उमटली. केसासारखी बारीक, बोटाच्या पेराएवढी.

विश्राम वाकून बघत होता. बराच वेळ.

"बास? एवढंच असतं?" त्यानं विचारलं. "दहा मिनिटं, एक लाल डबा, एक पांढरा डबा?"

"हो."

"त्या चाकातपण अशीच दिसली असती?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. त्याची नजर चाकावरच होती, तिच्याकडे नव्हती.

"दिसली असती," मालन म्हणाली. "चीर जुनी होती. बसवलंत तेव्हा होतीच."

तो सरळ झाला. "टेस्ट कधी संपली?"

तिनं डब्याचं झाकण लावलं.

"मालन, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तुम्ही समोर उभे होता तेव्हाच."

बाहेर कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला.

"तीन महिने..." तो म्हणाला. "मी रोज देवाला सांगत होतो की चूक नसू दे. आणि तुम्हाला रोज माहीत होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता," ती म्हणाली. प्रेमाची कबुली द्यायची ही रीत नव्हे, हे तिला बोलता बोलताच कळलं. पण दुसरी तिच्याकडे उरली नव्हती.

"लिहून द्या," विश्राम म्हणाला.

तिनं खणातून कागद काढला आणि लिहिलं. तारखेवर त्याची नजर गेली. चार ऑक्टोबर. त्यानं घडी करून कागद खिशात ठेवला, पास झालेली तीन चाकं एकेक करून बाहेर नेली आणि गेला. चौथ्याची सोय दौलतनं केली. त्यानं कुठून तरी आणलेलं चाक मालननं दोनदा तपासून दिलं. विश्राम आला नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो ठाकुर्लीत, तिच्या घराजवळच्या तळ्याकाठी उभा दिसला. दाढी वाढलेली.

"दौलत सहावा आला," तो म्हणाला. "चाकं छान चालली. गाडी वळणातून अशी..." हात उचलला गेला आणि अर्ध्यातच खाली आला.

"त्र्यंबक?"

"सांगितलं त्याला. कागद दाखवला. म्हणाला, मेल्या, ते चाक आपण दोघांनी मिळून निवडलेलं, तू एकटा कशाला मिरवतोस? रडलापण. मग चहा सांगितला." विश्राम हसल्यासारखं करून थांबला. "त्यानं सोडून दिलं. मला नाही सोडता येत."

"माझ्यावर राग आहे?"

"राग असता तर बरं होतं. राग जातो." तो तळ्याकडे बघत बोलत होता. "तुम्ही वाईट केलं नाही. आठ महिन्यांनी मला तीन महिने मिळाले, ते तुमच्यामुळेच. पण आता तुमच्याकडे बघितलं ना, की मला ती लाल रेघ दिसते. तुम्ही काहीही बोला, जेवायला वाढा, हसा... ती दिसणारच. असं घर नाही होत, मालन."

ती म्हणू शकली असती, थांबा, जाईल ते. पण चीर आपोआप बुजत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"कुठे जाणार?"

"नाशिकला. बसच्या बॉड्या बांधतात तिथे. रेसच्या गाडीला हात नाही लावणार परत." तो दोन पावलं गेला आणि वळला. "एक विचारू? मासळी बाजारातून येताना तुम्ही हसलात... तेव्हापण डोक्यात तेच होतं?"

"नाही," मालन म्हणाली. "तेव्हा नव्हतं. तेवढा रस्ताभर नव्हतं."

त्यानं मान हलवली. जणू तेवढंच न्यायला तो एवढ्या लांब आला होता. मग तो वळला आणि तळ्याच्या कडेकडेनं चालत गेला. तो दिसेनासा झाला तशी मालन घराकडे वळली.

ती घरी आली तेव्हा आई देवापाशी दिवा लावत होती. "कुठे होतीस गं? रविवारी पेणची मंडळी विचारतायत, बघायला येऊ का म्हणून. काय सांगू?"

मालननं उंबऱ्याशी चपला काढल्या.

"येऊ देत," ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला आत गेली.