परसातल्या सुऱ्या

"थांबा! त्या सुरीला हात लावू नका!"

माझी आई माझ्या बाबांशी बोलली ते हे पहिलं वाक्य. तेही उशिराच — तोवर बाबांचं पावावर बोटभर लोणी थापून झालं होतं.

आउट्सहोर्न गावात, झाल्मनकाकांच्या स्वयंपाकघरात घडलेली ही गोष्ट. काका शहामृगाच्या पिसांचे व्यापारी. साऱ्या गावाचं पोट त्या पक्ष्यावर, आणि आम्हा यहुद्यांना नेमका तोच खायला वर्ज्य! आई — तेव्हाची फ्रुमा — लिथुआनियाच्या बर्फातून बोटीने नुकतीच काकांकडे आली होती, एक पेटी आणि एक उशी घेऊन. बाबा, म्हणजे नोखेम, खेचराच्या गाडीतून सुया, कापड, किटल्या विकत मळोमळी हिंडायचे आणि शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत शब्बाथ, म्हणजे आमचा विश्रांतीचा वार, पाळायला गावात परतून काकांकडे जेवायला यायचे. त्या दुपारी ते धुळीने माखून, भुकेने कावून आले आणि समोर दिसली ती सुरी त्यांनी उचलली.

"लाल मुठीची सुरी मांसाची, हे दिसत नाही? तिला लोणी लावतं का कुणी? बाटवलीत की हो!"

"रस्त्यावर राहून माणूस रानटी होतो बघा... आता काय, मला घालता कोंबडीबरोबर हंडीत?"

"तुम्हाला कोण खाणार! चला, परसात या."

आमच्यात मांस आणि दूधदुभतं एकमेकांना लागू द्यायचं नाही, दोन्हींच्या सुऱ्याही वेगळ्या; बाटलेली सुरी काही दिवस मातीत मुठीपर्यंत खोचून ठेवायची, की ती शुद्ध होते — आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं. फ्रुमा जिरेनियमच्या वाफ्यापाशी बसली. पण तिकडची माती ती! दगड बरा. तिने जोर केला, सुरी हलेना. मग नोखेमने तिच्या हातावर आपला हात ठेवला.

"हात काढा."

"माती कडक आहे."

"मी त्याहून कडक आहे."

"ते कळलंच मला... दारातूनच!"

तिला हसू आलं. कोठारातून उडत आलेलं एक पांढरं पीस तिच्या केसांत अडकलं होतं. त्याने पाहिलं, पण सांगितलं नाही. आई म्हणायची, रात्री केस विंचरताना ते सापडलं आणि तिला उगाचच गुदगुल्या झाल्या.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा लाल मुठीची सुरी लोण्यात! त्याच्या पुढच्याही शुक्रवारी तेच.

"हा पोरगा आंधळा आहे की अर्धवट?" पेशेकाकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"दोन्ही, काकू," फ्रुमा गंभीरपणे म्हणाली आणि सुरी घेऊन परसात गेली. मागोमाग आंधळाही गेला. अहो, दोघांना बोलायला तेवढीच तर जागा होती!

आणि मग काकांनी तिचं लग्न ठरवत आणलं. पोर्ट एलिझाबेथचे ग्लिक, पिसांचे मोठे खरेदीदार, माणूस सज्जन, वय थोडं उतरलेलं. रविवारी जेवायला येणार, मुलगी बघणार, आणि जाताना तारीख पक्की करून जाणार.

त्या शुक्रवारी नोखेम आला. बातमी गावभर झालीच होती. त्याने गुपचूप निळ्या मुठीची, दुधाची सुरी उचलली, नीट लोणी लावलं, नीट खाल्लं.

फ्रुमाची कांद्यावरची सुरी थांबली.

"आज... चुकला नाहीत?"

"दुसऱ्याच्या घरात किती चुकायचं, फ्रुमा? माझ्याकडे एक खेचर आहे, तेही लंगडं. ग्लिककडे दगडी घर आहे."

"मी विचारलं का तुम्हाला घराचं?"

त्याने निळ्या मुठीची सुरी पुसून जागेवर ठेवली. ती ढसाढसा रडली — कांदा चिरत होती म्हणून बरं.

रविवारी टेबलावर भाजलेलं बदक आलं. ग्लिक खूश, काका खूश. "पेशे, सुरी आण!"

काकूंनी खण उघडला. लाल मुठीची एकही सुरी नाही!

"अगं, सुऱ्या कुठायत?"

"जमिनीत," फ्रुमा म्हणाली.

"कोणी बाटवल्या?"

"मी. लोणी लावलं."

"सगळ्यांना?" काकांचा आवाज चिरकला.

"सगळ्यांना. आणि त्या उपटायला नोखेम आला तरच मी त्यांना हात लावेन. नाहीतर राहू देत तिथेच, मीही राहते तशीच... बिनलग्नाची." तिची मान वर होती.

शेजारचा शहामृगसुद्धा कुंपणावरून मान काढून ऐकत असावा. शेवटी ग्लिकनी हातानेच बदकाची तंगडी तोडली. "झाल्मन," ते म्हणाले, "मला बायको हवी होती, माळीण नको. बोलवा त्या माणसाला. आणि मीठ द्या जरा."

नोखेम धावत आला. वाफ्यात जिरेनियमच्या जोडीने लाल मुठी उगवल्या होत्या. तो बघतच राहिला.

"एवढ्या सगळ्या?"

"मग! तुम्ही एकेक करत किती वर्षं लावली असती?"

"फ्रुमा... मला तू हवी आहेस. पहिल्या सुरीपासून."

"पहिली तरी खरी चूक होती ना?"

"तेवढीच!"

आमच्या घरात बाबा जन्मभर शुक्रवारी चुकत राहिले. आई जन्मभर ओरडत राहिली. "किती वेळा सांगायचं, अहो!" मग दोघं परसात जायची आणि एक सुरी खोचायला त्यांना भलताच वेळ लागायचा. आम्ही मुलं खिडकीतून खिदळायचो.

बाबा गेले, त्यानंतरच्या एका शुक्रवारी मी आईकडे गेले होते. ती पावाला लोणी लावत होती. तिच्या हातात लाल मुठीची सुरी होती. माझी आई — जिच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती!

"आई, अगं ती मांसाची..."

"चुकलंच की गं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता तिने सुरी पुसली आणि परसात गेली. मी मागे निघाले होते, पण दारातच थांबले. त्या दिवशीही तिला भलताच वेळ लागला.